विषाणूच्या हाती धमनीची दुरुस्ती

अँजिओप्लास्टी छान झाली, पेशंट घरी गेला, जिने चढू लागला आणि चार-सहा महिन्यांत छातीतली तीच कळ घेऊन परत आला. १९८०च्या दशकात जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ या अनुभवाने हैराण झाले होते. फुग्याने उघडलेल्या दर तीन धमन्यांपैकी साधारण एक सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद व्हायची. यात पेशंटने पथ्य मोडलेलं नसे आणि डॉक्टरचा हातही चुकलेला नसे. उपचार करताना झालेली जखम शरीर भरून काढत होतं आणि त्या भरून काढण्यातच धमनी बुजत होती. वैद्यकात याला रेस्टेनोसिस म्हणतात.

या दुखण्यावर १९९०च्या सुमारास एक धाडसी उपाय पुढे आला. एखादा विषाणू घ्यायचा, त्याची वाढण्याची ताकद काढून घ्यायची, त्याच्यात आपल्याला हवं ते जनुक बसवायचं आणि कॅथेटरमधून तो थेट जखमी धमनीच्या भिंतीत सोडायचा. मग त्या भिंतीतल्या पेशीच औषध बनवतील, तेही जिथे हवं तिथे आणि हवं तेवढेच दिवस. पुढची बारा-पंधरा वर्षं अमेरिका, जपान आणि युरोपातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा या कल्पनेमागे होत्या. प्राण्यांमध्ये ती चालली. माणसांपर्यंत पोचली तेव्हा तिची जागा दुसऱ्याच उपायाने घेतली होती.

तरीही ही गोष्ट तिथे संपत नाही. २०२१मध्ये पुण्यात बनलेली कोविशिल्ड ज्यांनी घेतली, त्या सर्वांच्या दंडात याच घराण्यातला एक विषाणू जाऊन आला आहे. धमनीत जे जमलं नाही ते लशीत का जमलं आणि लशीत, कर्करोगात जे जमलं ते पुन्हा रक्तवाहिनीकडे आणता येईल का, हे समजून घ्यायचं तर आधी फुग्यापासून सुरुवात करायला हवी.

फुग्याने केलेली जखम

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग या जर्मन डॉक्टरने ३८ वर्षांच्या एका पेशंटच्या हृदयधमनीत इवलासा फुगा नेऊन फुगवला. छाती उघडली नव्हती, पेशंट जागा होता. असे फुगे ग्रुंटझिगने आधी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून तयार केले होते. १९८५मध्ये स्वतः चालवत असलेल्या विमानाच्या अपघातात तो गेला, तोवर त्याचं तंत्र जगभर पसरलं होतं आणि त्याची उणीवही सगळ्यांना कळली होती.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यात आत अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्त गोठू न देणं, नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवणं आणि मधल्या थरातल्या स्नायुपेशींना शांत ठेवणं ही त्याची कामं. त्याच्या मागे लवचिक तंतूंचा एक पडदा, त्यामागे स्नायुपेशींचा जाड थर आणि सर्वांत बाहेर संयोजी ऊतींचं आवरण.

फुगा फुगतो तेव्हा चरबीचा थर तडकतो, अस्तर खरवडून निघतं, लवचिक पडदा ठिकठिकाणी फाटतो. उघड्या पडलेल्या भिंतीला रक्तातल्या प्लेटलेट चिकटतात आणि पेशींना वाढायला लावणारी रसायनं सोडतात. मेलेल्या पेशींमधूनही तसलीच रसायनं बाहेर पडतात. एरवी फक्त आकुंचन-प्रसरण करणाऱ्या स्नायुपेशी यामुळे आपलं मूळ काम सोडून विभागू लागतात, फाटलेल्या पडद्यातून आत सरकतात आणि तिथे तंतूंचा गोळा रचत बसतात. गवंड्याला भिंतीतली भेग बुजवायला सांगावी आणि त्याने अर्धी खोलीच सिमेंटने भरून टाकावी, तसा हा प्रकार. अस्तर पुन्हा पूर्ण तयार झालं की स्नायुपेशी थांबतात, पण अस्तराची वाढ संथ आणि स्नायुपेशींची वेगवान. पहिले काही आठवडे ही शर्यत चालते आणि धमनीचं पुढचं आयुष्य तिच्या निकालावर ठरतं.

१९८६मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिख झिगवार्ट यांनी हृदयधमनीत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायला सुरुवात केली. फुगा काढल्यावर भिंत पुन्हा आत दबायची, ते स्टेंटमुळे थांबलं. पण धातूच्या तारा भिंतीत सतत रुतलेल्या राहिल्या आणि स्नायुपेशींची वाढ उलट जास्त होऊ लागली. पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण घटलं, तरी चार-पाच पेशंटांमागे एकाला हा त्रास होतच राहिला.

गोळ्यांनी हे थांबवायचे अनेक प्रयत्न झाले. सिलाझाप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने १९८९मध्ये उंदरांच्या मानेतल्या धमनीत ही वाढ झकास रोखली होती. युरोपात ‘मर्केटर’ नावाच्या चाचणीत तेच औषध माणसांना दिलं, तर काहीही फरक पडला नाही. पोटातून घेतलेलं औषध सबंध शरीरात पसरतं. धमनीच्या दोन सेंटिमीटर जखमेत परिणामकारक मात्रा पोचवायची तर बाकीच्या शरीराला ती झेपत नाही. औषध जागेवरच तयार व्हावं हा विचार इथून बळावला.

ॲन आर्बरची डुकरं

मिशिगन विद्यापीठात ॲन आर्बर इथे एलिझाबेथ नेबेल आणि गॅरी नेबेल हे डॉक्टर दांपत्य काम करत होतं. ती हृदयरोगतज्ज्ञ, तो विषाणू आणि जनुकांचा अभ्यासक. १९८९मध्ये त्यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. युकाटान जातीच्या छोट्या डुकरांच्या धमनीतल्या अस्तराच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या, रेट्रोव्हायरसच्या मदतीने त्यात जिवाणूचं एक जनुक घातलं आणि त्या पेशी पुन्हा डुकराच्या धमनीत पेरल्या. ते जनुक चालू असेल तर विशिष्ट रसायनाने पेशी निळ्या दिसतात. काही आठवड्यांनी धमनी काढून पाहिली तर तिच्यात निळ्या पेशी होत्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी पेशी बाहेर वाढवण्याची पायरी गाळली. दोन फुगे असलेला कॅथेटर मांडीतल्या धमनीत घातला, दोन्ही फुगे फुगवून मधला तुकडा दोन्हीकडून बंद केला, त्यातलं रक्त धुऊन काढलं आणि त्या बंद जागेत विषाणूचं द्रावण भरून ठेवलं. धमनीच्या त्या तुकड्यात नवं जनुक काम करू लागलं. जिवंत प्राण्याच्या धमनीत, ठरवलेल्या जागी, थेट जनुक नेता येतं हे सिद्ध झालं.

आता प्रश्न वाहकाचा होता. रेट्रोव्हायरस विभागणाऱ्या पेशीतच शिरकाव करतो आणि आपलं जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचं चिकटवतो. शांत बसलेल्या धमनीच्या पेशींसाठी तो कुचकामी. म्हणून नजर गेली ॲडिनोव्हायरसकडे. साध्या सर्दी-खोकल्याला कारण होणारा हा विषाणू १९५३मध्ये मुलांच्या काढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथींमध्ये सापडला होता, म्हणून त्याचं हे नाव. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे ३६ हजार अक्षरं असतात. त्यातला ‘ई-वन’ हा भाग काढला की विषाणू पेशीत शिरतो, पण वाढू शकत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत हवं ते जनुक बसवता येतं. मग असा पांगळा विषाणू कोट्यवधींच्या संख्येने तयार कसा करायचा? त्याचीही सोय होती. नेदरलँड्समधल्या लायडन इथे १९७३मध्ये फ्रँक ग्रॅहॅम यांनी मानवी मूत्रपिंडाच्या पेशींची एक मालिका बनवली होती. तिच्या गुणसूत्रात ‘ई-वन’ आधीपासूनच बसवलेला आहे. त्यांच्या प्रयोगवहीतल्या क्रमांकावरून तिला २९३ म्हणतात. पांगळा विषाणू या पेशींमध्ये वाढतो, इतरत्र नाही.

ॲडिनोव्हायरस न विभागणाऱ्या पेशीतही जातो आणि गुणसूत्राला हात लावत नाही. त्याचं जनुक दोनेक आठवडे जोरात चालतं, मग मंदावतं. जन्मभराच्या आनुवंशिक आजाराला हे अपुरं. धमनीच्या जखमेला मात्र नेमकं तेवढंच हवं, कारण तिथली शर्यतही काही आठवड्यांचीच असते.

मारा, थांबवा, शांत करा

कोणतं जनुक पाठवायचं यावर अनेक डाव मांडले गेले. पहिला डाव वाढणाऱ्या पेशी मारण्याचा. हर्पिस विषाणूचं एक जनुक पेशीत घालायचं आणि वरून गॅनसायक्लोविर हे औषध द्यायचं. त्या जनुकामुळे औषधाचं विष बनतं आणि विभागू पाहणारी पेशी मरते. शांत पेशींना फारसा धक्का लागत नाही. नेबेल यांच्या गटाने १९९४मध्ये डुकरांच्या धमन्यांत हे करून दाखवलं.

दुसरा डाव पेशीला न मारता थांबवण्याचा. शिकागोच्या जेफ्री लायडन यांच्या गटाने १९९५मध्ये पेशीविभाजनाला लगाम घालणारं आरबी जनुक, तेही सतत चालू राहील अशा रूपात, उंदीर आणि डुकरांच्या धमन्यांत पाठवलं आणि वाढ रोखली. तिसरा डाव, हरवलेल्या अस्तराचं काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा. अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, मग त्याचं जनुक स्नायुपेशींनाच द्या. व्हिक्टर झाऊ यांच्या गटाने १९९५मध्ये जपानी सेंडाई विषाणूचं कवच आणि चरबीचे सूक्ष्म फुगे यांच्या मिश्रणातून ते उंदरांत नेलं आणि आतली वाढ सुमारे ७० टक्क्यांनी घटली. चौथा डाव होता अस्तरालाच लवकर वाढवण्याचा. त्यासाठी व्हीईजीएफ या वाढघटकाचं जनुक वापरायचं.

एकेक शोधनिबंध वाचताना आजही वाटतं की गड सर झालाच होता. अडचण इतकीच, की हे प्राणी तरुण होते आणि त्यांच्या धमन्या निरोगी होत्या.

रोगापेक्षा इलाज भयंकर

पहिला अडसर वेळेचा. डुकराच्या मांडीतली धमनी वीस मिनिटं बंद ठेवली तर बिघडत नाही. माणसाच्या हृदयधमनीत रक्त तेवढा वेळ अडवलं तर हृदयाचा स्नायू मरू लागतो. मग रक्त वाहतं ठेवून बाजूने औषध सोडणारे कॅथेटर बनवले गेले. त्यातून बराचसा विषाणू रक्ताबरोबर वाहून यकृताकडे जायचा.

दुसरा अडसर रोगाचाच. ज्या माणसाला अँजिओप्लास्टी लागते त्याच्या धमनीत चरबी, चुना आणि तंतूंचे थर साचलेले असतात. ससे चरबीयुक्त आहारावर ठेवून त्यांच्या धमन्या खराब केल्या आणि मग विषाणू दिला, तेव्हा निरोगी धमनीच्या तुलनेत फारच थोड्या पेशींत जनुक पोचलं. न फाटलेला लवचिक पडदाही विषाणूला अडवतो. शिवाय ॲडिनोव्हायरस ज्या खुणेला धरून पेशीत शिरतो ती खूण धमनीच्या पेशींवर विरळच असते, म्हणून मात्रा वाढवावी लागते.

मात्रा वाढवली की तिसरा अडसर उभा राहतो. १९९५मध्ये डेव्हिड डिचेक यांच्या गटाने एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष मांडला. सशांच्या निरोगी धमनीत ॲडिनोव्हायरस नुसता भरला, तरी शरीर त्याला शत्रू समजून सूज आणतं आणि त्या सुजेतून धमनीच्या आत तीच वाढ सुरू होते जी रोखायला तो पाठवायचा होता. शिवाय बहुतेक माणसांना लहानपणी सर्दीतून हा विषाणू भेटलेला असतो आणि रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात.

सप्टेंबर १९९९मध्ये या क्षेत्रावर वीज कोसळली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या धमनीत ॲडिनोव्हायरस सोडला गेला. त्याला चयापचयाचा एक आनुवंशिक आजार होता, औषधं आणि पथ्याने तो आटोक्यात होता. पुढच्या पिढीतल्या बाळांना उपयोग व्हावा म्हणून तो चाचणीत सामील झाला होता. त्याला सुमारे ३८ लाख कोटी विषाणूकण दिले गेले. त्याचं शरीर प्रतिकाराच्या वणव्यात सापडलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. चौकशीत चाचणीच्या नियमांचा भंग आणि आधीच्या दुष्परिणामांची अपुरी कल्पना दिल्याचं पुढे आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या संस्थेतल्या जनुकोपचाराच्या चाचण्या थांबवल्या. रेस्टेनोसिस हा काही तासाभरात जीव घेणारा आजार नव्हे. त्यासाठी अशी जोखीम कोण घेणार, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक समितीसमोर आला.

कुओपिओ आणि ईस्टर बेट

तरीही एक चाचणी नेटाने झाली, फिनलंडमधल्या कुओपिओ या गावी. सेप्पो युला-हर्टुआला यांच्या गटाने अँजिओप्लास्टी आणि स्टेंटच्या वेळीच १०३ पेशंटांच्या हृदयधमनीत द्रावण सोडलं. ३७ जणांना ॲडिनोव्हायरसमधून व्हीईजीएफचं जनुक, २८ जणांना तेच जनुक विषाणूशिवाय आणि ३८ जणांना नुसतं क्षारद्रावण. निकाल २००३मध्ये आला. उपचार सुरक्षित ठरला, ॲडिनोव्हायरसच्या गटात हृदयस्नायूचा रक्तपुरवठा सुधारल्याचंही दिसलं. पण धमनी पुन्हा अरुंद होण्यात तिन्ही गटांत फरक नव्हता. सगळ्यांत मिळून जेमतेम ६ टक्के पेशंटांना तो त्रास झाला. इतक्या कमी प्रमाणावर कोणत्याही औषधाने आणखी मात केल्याचं दाखवणं अवघडच होतं.

त्याच सुमारास दुसरीकडे खेळाचा निकाल लागून गेला होता. १९६४-६५मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरची माती गोळा केली होती. माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेन सहगल या मातीतल्या जिवाणूंवर काम करत होते. बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले हे संशोधक. १९७०च्या दशकात त्यांनी त्यातून एक बुरशीनाशक वेगळं केलं. बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून त्याला रापामायसिन म्हटलं, पुढे त्याचं सिरोलिमस झालं. कंपनीने काम गुंडाळलं तेव्हा सहगलांनी जिवाणूचा नमुना घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. पुढे ते मूत्रपिंड रोपणानंतरचं औषध झालं. न्यूयॉर्कच्या अँड्र्यू मार्क्स यांच्या प्रयोगशाळेला १९९०च्या दशकात दिसलं, की ते स्नायुपेशींनाही थांबवतं. पेशीविभाजनाला लगाम घालणारं पी-२७ नावाचं प्रथिन ते पेशीत टिकवून धरतं. म्हणजे जनुक पाठवून जे करायचं होतं, तेच हे औषध जनुकाशिवाय करत होतं.

सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट माणसाच्या धमनीत पहिल्यांदा बसला डिसेंबर १९९९मध्ये, ब्राझीलमधल्या साओ पाउलोला एदुआर्दो सौझा यांच्या हातून. २००२मध्ये २३८ पेशंटांवरच्या ‘रॅव्हेल’ चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के धमन्या सहा महिन्यांत पुन्हा अरुंद झाल्या, लेपाच्या स्टेंटच्या गटात एकही नाही. स्टेंटच औषध घेऊन जागेवर पोचत होता, काही आठवडे ते तिथे सोडत होता, थंड साखळी नको, प्रतिपिंडांची भीती नको. विषाणू वाहकाला ही स्पर्धा जिंकणं शक्य नव्हतं.

नंतरच्या मोठ्या अभ्यासांत शून्याचे काही टक्के झाले, तरी लेपाचा स्टेंट टिकला. भारतात फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत बांधून दिली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते. जनुकोपचाराच्या एका मात्रेला परदेशात कोट्यवधी रुपये पडतात. व्यवहाराच्या कसोटीवरही निकाल उघड होता.

शिल्लक राहिलेलं काम

मग या संशोधनाचा अध्याय बंद करावा का? दोन कारणांसाठी करू नये असं वाटतं.

पहिलं कारण लेपाच्या स्टेंटमध्येच आहे. ते औषध पेशींत भेदभाव करत नाही. स्नायुपेशींना थांबवतं तसं अस्तरालाही थांबवतं. २००६च्या सुमारास पहिल्या पिढीच्या स्टेंटमध्ये वर्ष-दोन वर्षांनी अचानक गुठळ्या होत असल्याचं लक्षात आलं आणि मोठी खळबळ उडाली. नव्या स्टेंटमध्ये हे बरंच सुधारलं, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात त्या याचसाठी. जनुकाला मात्र भेदभाव शिकवता येतो. हाना टोटारी-जैन आणि मार्क्स यांच्या गटाने २०१४मध्ये त्याचा सुंदर नमुना दाखवला. अस्तराच्या पेशींत मायक्रो-आरएनए-१२६ नावाचा एक छोटा रेणू भरपूर असतो, स्नायुपेशींत तो नसतो. त्यांनी ॲडिनोव्हायरसमध्ये पी-२७चं जनुक घातलं आणि त्याच्या शेपटीला या रेणूने ओळखावी अशी खूण जोडली. अस्तराच्या पेशीत जनुकाचा संदेश पोचला की तो रेणू त्याला गप्प करतो. स्नायुपेशीत कोणी अडवत नाही. उंदरांच्या जखमी धमनीत स्नायुपेशी थांबल्या आणि अस्तर आपल्या गतीने भरून आलं. सिरोलिमसला हे जमत नाही.

दुसरं कारण जागेचं. स्टेंटचं राज्य मुख्यतः हृदयधमन्यांत आहे. बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयावर जोडतात. कमी दाबाची सवय असलेल्या शिरेवर एकदम धमनीचा दाब येतो, अस्तर दुखावतं आणि तीच वाढ सुरू होते. किती, ते अमेरिकेतल्या ‘प्रिव्हेंट फोर’ चाचणीने दाखवून दिलं. ३,०१४ पेशंटांपैकी साधारण निम्म्यांच्या शिरांमध्ये जोडण्यापूर्वी डीएनएचा एक छोटा तुकडा दाबाने शिरवला होता, विषाणूशिवाय. उपचार फसला. वर्ष-दीड वर्षाने तपासलं तेव्हा उपचार झालेल्यांपैकी ४५.२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ४६.३ टक्के पेशंटांत निदान एक शीर निकामी झालेली होती. फसलेल्या उपचारापेक्षा हा दुसरा आकडा जास्त बोलका आहे.

डायलिसिसच्या पेशंटांचंही तेच. मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून जो फिस्टुला करतात, ज्याची पद्धत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६मध्ये मांडली, तो अनेकांचा वाढच धरत नाही किंवा काही महिन्यांत आतून बुजतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा मानेत नळी. आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला लागणाऱ्या माणसाचा फिस्टुला म्हणजे त्याची जीवनदोरी. फिस्टुलाऐवजी धमनी आणि शीर कृत्रिम नळीने जोडलेल्यांसाठी ॲडिनोव्हायरसमधून व्हीईजीएफ-डी हे जनुक देणारी कोलॅजनची पट्टी तयार झाली होती. त्या नळीच्या आणि शिरेच्या सांध्याभोवती बाहेरून ती गुंडाळायची आणि आत द्रावण सोडायचं. तिच्या माणसांवर चाचण्या झाल्या, पण ती बाजारात आली नाही.

बायपासच्या शिरेत मात्र एक गोष्ट अशी आहे, जी धमनीत कधीच मिळत नाही. पायातून काढल्यापासून हृदयावर शिवेपर्यंत ती काही काळ शरीराबाहेर, द्रावणाच्या वाटीत पडून असते. तिला आतून विषाणूने भिजवायला साधारण अर्धा तास मिळतो. हृदयाचा रक्तपुरवठा तोडावा लागत नाही, विषाणू यकृताकडे वाहत नाही आणि उरलेला धुऊन टाकता येतो. शीर निरोगी असते, चुना-चरबीचा अडथळा नाही. ब्रिस्टलच्या सारा जॉर्ज आणि ग्लासगोचे अँड्र्यू बेकर यांच्यासह ब्रिटिश संशोधकांनी २०००मध्ये टिंप-३ हे जनुक ॲडिनोव्हायरसमधून डुकरांच्या अशा शिरांना दिलं. स्थलांतर करणाऱ्या स्नायुपेशी ज्या विकरांनी वाट कापतात, त्यांनाच हे जनुक अडवतं. आतली वाढ स्पष्टपणे कमी झाली. डिचेक यांनीही पुढे विषाणूची सगळी मूळ जनुकं काढून टाकलेला ॲडिनोव्हायरस वापरला. त्याच्यामुळे सूज कमी येते आणि सशांच्या धमनीत त्याचं जनुक महिनोन्‌महिने चालतं.

पुणे, पवई आणि पुढे

गॅरी नेबेल १९९९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय लस संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. २०००मध्ये त्यांच्या गटाने डीएनए आणि ॲडिनोव्हायरस वापरून माकडांना इबोलापासून वाचवलं. धमनीत जी खोड नडली होती, शरीर खडबडून जागं होतं ती, लशीत गुणाची ठरली. जनुक थोडेच दिवस चालतं, हेही लशीला पुरतं. ऑक्सफर्डच्या गटाने चिंपँझीचा ॲडिनोव्हायरस निवडला, कारण माणसांत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं क्वचितच असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याची कोविशिल्ड बनवली, त्याच २९३ पेशींमध्ये. एका मात्रेत सुमारे ५,००० कोटी विषाणूकण असतात, गेल्सिंगरला दिलेल्या मात्रेच्या साडेसातशेव्या हिश्शाहून थोडे कमी. क्वचित कोणाला यातून गुठळ्यांचा गंभीर त्रास झाला, तोही नोंदवला गेला आहे. पण कोट्यवधी माणसांना देता येईल इतक्या दर्जाचा आणि इतक्या स्वस्तात विषाणू वाहक महाराष्ट्रात बनू शकतो, हे कोविडच्या काळात सिद्ध झालं.

दुसरा धागा पवईचा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३मध्ये मंजूर झाली. पेशंटच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, लेंटिव्हायरस या दुसऱ्या वाहक विषाणूने त्यांत जनुक घालायचं आणि त्या परत द्यायच्या. परदेशातल्या खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्शात ते होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२४मध्ये हिमोफिलियाच्या पाच पेशंटांवरचं काम प्रसिद्ध केलं, तिथेही मूळपेशी बाहेर काढून लेंटिव्हायरसनेच जनुक घातलं होतं. पेशी शरीराबाहेर आणून विषाणूशी गाठ घालून द्यायची, ही दोन्हींमागची युक्ती. बायपासच्या शिरेलाही तीच लागू पडते.

म्हणून या साऱ्या खटाटोपाचा माझ्यापुरता निकाल असा. हृदयधमनीतल्या रेस्टेनोसिसपुरती विषाणूची बाजी हरली आणि ती पुन्हा मांडण्यात अर्थ नाही. बायपासची शीर आणि डायलिसिसचा फिस्टुला यांच्यासाठी मात्र ती अजून नीट खेळलीच गेलेली नाही. विषाणू बनवण्याची ताकद पुण्या-मुंबईत आहे, बायपास आणि डायलिसिसचे पेशंट आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि हा आजार परदेशी कंपन्यांना फारसा किफायतशीर वाटत नाही. हे काम इथल्या संशोधन संस्थांनी अंगावर घ्यावं.

वाचकांसाठी एवढंच. रक्तवाहिनी पुन्हा बुजू नये म्हणून विषाणू वाहकातून दिला जाणारा कोणताही मंजूर उपचार आज जगात कुठेही नाही. ब्लॉकेजवर जनुकोपचार करतो असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर तिथून परत फिरा. आणि घरात कोणाला स्टेंट बसला असेल, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू देऊ नका, दात काढायचा असला तरी.